मुकादमाच्या नावाची सुई

डॉक्टर नियामत अली — हे नाव आधी लिहून टाकतो. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार या माणसाचे. मी शिकलो, पदवी घेतली, सरकारी नोकरीत वर चढलो, आज म्हातारपणी दोन वेळा सुखाने जेवतो — ते त्यांच्यामुळे. आणि त्यांनाच मी फसवलं. त्यांना एकट्यालाच फसवलं असतं, तर एक वेळ... नाही. हे वाक्य पुरं करत नाही. त्यात सवलत मागितल्यासारखं होतं.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मुलं मोठी झाली, त्यांनाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की मला ओळखणारे बहुतेक आता गेले म्हणून? खरं सांगू — मलाही नीट माहीत नाही. पण लिहायला बसलो आहे आणि आज उठणार नाही.

मला वाईट वाटतं, असं लिहिणं सोपं होतं. वाईट वाटणं माणसाला शोभून दिसतं. मला वाईट वाटत नाही, मला राग येतो. त्या लाकडाच्या डेपोवरच्या पुरुषांचा येतो. चांद्याच्या कचेरीतल्या एका साहेबाचा येतो. आणि सगळ्यात जास्त येतो तो एका पंचविशीतल्या पोराचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, नावापुढे बी.एस्सी. त्याचं नाव तुळशीराम. तो समोर आला असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. पण तो समोर कसा येणार? तो माझ्याच अंगात बसला आहे.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी. बाप डोंगा चालवायचा. गावची मोठी माणसं पैलतीरी जायची तेव्हा बाप गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यांना हात द्यायचा, ती बसली की मग स्वतः चढायचा. बापाला मी कुणासमोर बसलेला पाहिला नाही. खुर्ची नावाची वस्तू आमच्या घरी नव्हतीच. चौथीनंतर पुढे शिकायचं तर चांद्याला जावं लागे, आणि चांद्याला आमचं कोण होतं? डॉक्टरसाहेब देवीच्या लसी घेऊन आमच्या भागात फिरायचे, बापाच्याच डोंग्यातून नदी उतरायचे. एकदा बापाने भीत भीत विचारलं, पोराला कुठं ठेवून घेता येईल का. डॉक्टरसाहेब म्हणाले, माझ्या घरी. एवढंच. बापाने पुन्हा विचारायची हिंमत केली नाही, त्यांचा विचार बदलेल म्हणून.

चांद्याच्या परकोटाच्या आत त्यांचं घर होतं. त्यांच्या बायकोला सगळे आपा म्हणत, मीही म्हणू लागलो. आपा मला स्वतःच्या मुलांच्या पंक्तीला बसवून जेवू घालायची. गावी मी सांगायचो की वेगळी चूल आहे. पाहा — खोटं बोलायची सवय तेव्हापासूनची. मॅट्रिक झालो, त्यांनीच नागपूरला कॉलेजात धाडलं. डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नाहीत. बी.एस्सी. होऊन परत आलो तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "सुई टोचाले डाक्तर काऊन लागते? हात साफ पाहिजे, अन् मन." आणि मला आरोग्य सहाय्यकाच्या जागेवर लावून घेतलं.

सुई टोचायला त्यांनी मला कोहळ्यावर शिकवलं. पिचकारी उकळायची, मग पूर्ण कोरडी करायची — ते पेनिसिलीन तेलातलं होतं, दुधासारखं पांढरं, दाट. पिचकारीत पाण्याचा थेंब राहिला की औषध आत गठ्ठा होऊन बसायचं. हे सगळं मी पटकन शिकलो. पण त्यांचा खरा धडा वेगळाच होता. प्रत्येक वेळी, अगदी ओळखीच्या माणसालाही, टोचण्याआधी एक गोष्ट करायची. "नाव विचार. त्याच्या तोंडून आइक. मंग त्याच्या चेहऱ्याकडे पाह्य. मंग टोच. नाव एकाचं अन् कुल्हा दुसऱ्याचा, असं झालं तं औषधाचं पाणी झालं समज." मी हसलो होतो. ते हसले नव्हते.

आता त्या डेपोचं सांगतो. तेव्हा चांदा जिल्हा केवढा मोठा होता — आज ज्याला गडचिरोली म्हणतात तेही सगळं त्यातच, थेट सिरोंच्यापर्यंत. आलापल्लीच्या पुढे, एका नाल्यापलीकडे सागवानाचा डेपो होता. जंगलात तोडलेलं लाकूड रेड्यांनी ओढून तिथे आणायचे, थप्प्या लावायचे, मग ट्रक भरून जायचे. मुकादम, ड्रायव्हर, क्लीनर, ओढाईचे मजूर — घरदार सोडून आलेले पुरुष. आणि थप्प्यांच्या मागे बायांच्या झोपड्या. त्या बाया कशाने पोट भरत, हे मी फोडून सांगायला नको.

तिथे गरमी होती, परमा होता — बाईकडून पुरुषाला, पुरुषाकडून बाईला लागणारे गुप्तरोग. पुरुष कुठूनतरी रोग घेऊन यायचे, बायांना द्यायचे, बाया पुढच्या पुरुषाला. आणि मुलं मरायची. पोटातच, नाहीतर जन्मल्यावर आठ-पंधरा दिवसांत. औषध आलेलं होतं, एका सुईत गुण येत होता. मग दुखणं का राहावं? कारण आम्ही एकाला बरं करायचो आणि ज्याच्याकडून रोग आला तो मोकळाच राहायचा. पुन्हा तेच.

डॉक्टरसाहेबांनी तेव्हा जो विचार मांडला तो आमच्या कचेरीत कुणी ऐकलेला नव्हता. ते म्हणाले, रोग दिसायची वाटच पाहू नका. जिथे तो लागणारच आहे, तिथे आधीच सुई द्या. सगळ्या जिल्ह्याला नको, औषध उधळायचं नाही — फक्त त्या डेपोवर, पण तिथल्या प्रत्येकाला. बाईला आणि तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषालाही. आणि मुख्य म्हणजे पावसाच्या आधी. पाऊस लागला की नाल्याला पूर यायचा, ट्रक बंद, रस्ता बंद, डेपो बेटासारखा एकटा पडायचा. मागे राहायच्या त्या बाया, आणि लाकूड राखायला मुकादम व त्याची चार माणसं. "पूर येण्याआधी सगळ्याइले टोचलं," ते म्हणाले, "तं आत रोग उरणार नाई, अन् बाहेरून येणार नाई. पाऊस आपला चौकीदार." केवढा साधा, केवढा सुंदर विचार. मला त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

आणि तो कचेरीतला साहेब काय म्हणाला असेल? म्हणाला, अशा बायांना आगाऊ औषध देणं म्हणजे त्यांना परवाना देणं. रोग हीच त्यांची शिक्षा आहे, तेवढीच भीती उरली आहे, तीही काढून घेता? तिथे बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पुरुषांना कोणती शिक्षा, हे कुणीच विचारलं नाही. डॉक्टरसाहेबांनी विचारलं. महिनाभर ते त्या साहेबाच्या मागे लागले आणि एका डेपोपुरती परवानगी मिळवली. एक वर्ष करून दाखवा, म्हणाला. गुण आला तर पुढच्या डेपोंचं पाहू.

म्हणजे काय पणाला लागलं होतं, कळलं ना तुम्हाला? तो एक डेपो नव्हता. पुढचे सगळे डेपो होते, खाणींवरच्या वस्त्या होत्या. आणि तो भरवसा त्यांनी माझ्या हातात दिला.

हिवाळ्यात पहिली खेप त्यांनी स्वतः केली. मी सोबत होतो. टेबल मांडलं, स्टोव्ह पेटवला, सगळ्यांसमोर त्यांनी रोगाबद्दल इतकं सरळ सांगितलं की ड्रायव्हर लोक जमिनीकडे पाहत बसले. मग ओळीने सगळे आले. एक किसन मुकादम तेवढा नव्हता, ठेकेदाराकडे गेला होता. डॉक्टरसाहेबांनी मला बजावलं: पावसाआधीच्या खेपेत हा माणूस सुटू देऊ नको. कारण पारबताच्या झोपडीत जाणारा आता तो एकटाच होता.

पारबता. तिचं नाव लिहिताना आत्ताही थांबलो. काळी, उंच, मोठ्याने हसणारी बाई. आधी कुणाकुणाची होती, त्या वर्षी मुकादमाने तिला आपल्यापुरती ठेवली होती. दोन लेकरं मातीत दिलेली. डॉक्टरसाहेबांनी तिला सांगितलं होतं की तिच्या रक्तात दोष आहे तो सुईने जातो, आणि मुकादमालाही सुई मिळाली तर पुढचं लेकरू जगेल. कुणी आपल्याशी असं बोलतं याचंच तिला नवल वाटलं होतं. सुई तिने दात दाबून घेतली आणि म्हणाली, "आणखीन एक टोचा ना, पक्कं होऊन जाईन." सगळ्या बाया हसल्या.

मे महिना सरत आला होता तेव्हा मी एकटा गेलो. एकटा — साहेब म्हणून. डेपोवर एकच खुर्ची होती, ठेकेदार आला की त्याच्यासाठी. एरवी तिच्यावर कुणी बसत नसे. किसन मुकादमाने ती बाहेर आणली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि मला म्हणाला, "बसा साहेब. तुमच्यासारखे शिकले तं गावाचं नाव निंगते."

आमच्याच नदीकाठचा तो, मोठ्या घरातला. याच्या बापाला माझ्या बापाने गुडघाभर पाण्यात उभं राहून हात दिलेला मी पाहिला होता. आणि आज तो उभा होता, मी बसलो होतो. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगतो, कारण हेच घडलं. मी बसलो, आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पुढचं सगळं त्या खुर्चीवरूनच झालं.

त्याने चहा दिला. कप पुढे केला तेव्हा मला त्याचे तळहात दिसले. तळहातांवर तांबूस डाग होते, न खाजणारे, नाण्याएवढे. मी बी.एस्सी. होतो. डॉक्टरसाहेबांनी ते डाग मला वॉर्डात हात धरधरून दाखवले होते. मला एका क्षणात कळलं की हा माणूस रोगाने भरलेला आहे, आणि असे डाग अंगावर असतात तेव्हाच तो रोग दुसऱ्याला सगळ्यात जास्त लागतो. मी काय केलं? चहा प्यायलो.

तो म्हणाला, मानसाइले मी लाइनीत लावतो, तुमी फक्त टोचा. मी म्हटलं, आणि तुम्ही? तो हसला. "त्या बायांच्या सुईनं मी टोचून घेऊ? लोकं काय म्हणतीन साहेब? मले काई झालं नाई. माझी हजेरी लागली म्हणजे झालं ना."

हजेरी. जंगलातल्या कामात बदलीची रीत होती. मुकादम नावं पुकारायचा, तोंडं पाहायचा नाही. कुणी तापाने पडलेला, कुणी लग्नाला गेलेला — त्याच्या नावावर भाऊ नाहीतर मेहुणा हाजर म्हणायचा. सगळ्यांना माहीत असायचं, कुणी बोलायचं नाही. गरिबाची सोय होती ती. त्या दिवशी त्यांनी तीच रीत सुईला लावली. ड्रायव्हरांनी आपापले क्लीनर उभे केले. मी नावं विचारत होतो, ते मालकांची नावं सांगत होते, मी टोचत होतो. बोलू का, बोलू का, असं प्रत्येक वेळी वाटलं. एकदाही बोललो नाही.

मग लालसू आला. ओढाईचा मजूर, गोंड, हाडकुळा. थोड्याच वेळापूर्वी तो स्वतःच्या नावाने सुई घेऊन गेला होता. मी विचारलं, नाव?

"किसन मुकदम," तो म्हणाला.

ओळीतल्या कुणीतरी मागून म्हटलं, "बदली मुकदम आला रे, खुर्ची द्या." सगळे हसले. लालसू नाही हसला. त्याच्या दृष्टीने ते काम होतं, मुकादमाने सांगितलेलं, आणखी एक ओंडका ओढावा तसं. तो पाठमोरा झाला आणि म्हणाला, "डाव्या बाजूले टोचा जी. उजवी दुखून राह्यली."

मी मान वर केली. थप्पीजवळ, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मुकादम उभा होता, माझ्याकडे पाहत. धमकी नव्हती त्याच्या नजरेत. धमकी असती तर आज मी तिचा आडोसा घेतला असता. त्याच्या नजरेत फक्त ओळख होती — आपण दोघं एका बाजूचे, ही ओळख. मला ती हवी होती. मी लालसूच्या डाव्या कुल्ह्यात सुई घातली. दाट औषध, हळूहळू सारावं लागतं. तेवढा वेळ मला होता. तेवढ्या वेळात मी थांबू शकत होतो. किसन मुकादमाच्या नावापुढे खूण केली आणि पुढचा, म्हणून हाक मारली.

दुपारून बायांची ओळ. पारबता सगळ्यात पुढे. पदर पोटावरून सारून तिने मला दाखवलं, दिवस गेलेले होते. सुई घेतली, उठली, चार पावलं जाऊन परत आली. हळूच विचारलं, "भाऊ, त्याले टोचलं ना?"

"टोचलं."

"तुमी सोता?"

"मी स्वतः."

आलं ना लक्षात? तिला शंका होती. तिचं आयुष्य त्या माणसांत गेलेलं, तिला बदली काय असते हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तिने दोनदा विचारलं. तिने माझ्या तोंडून ऐकलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग विश्वास ठेवला. डॉक्टरसाहेबांचा धडा तिने न शिकता पाळला. मी नाही म्हणालो असतो तर तिने काय केलं असतं? झोपडीचं दार लावलं असतं त्याला. किंवा नाल्याला पूर यायच्या आत निघून गेली असती. ती तशी बाई होती. मी तिच्याकडून ते काढून घेतलं.

जाताना तिने मला पळसाच्या पानाच्या दोन्यात चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं दिली. ट्रकमध्ये बसून मी ती खाल्ली. सगळी.

पाऊस लागला, पूर आला, रस्ता बंद झाला. मी चांद्याला आपाच्या हातचं खात होतो. रोज संध्याकाळी डॉक्टरसाहेब म्हणायचे, आता तिथं सगळे साफ असतीन, नाई तुळशीराम? मी म्हणायचो, हो.

दसऱ्याच्या सुमारास नाला उतरला तेव्हा गेलो. उतरल्याबरोबर कळलं. पारबताचं लेकरू महिन्याआधीच झालं. चार दिवस जगलं. एक म्हातारी सांगत होती की त्याच्या हातापायांची सालं निघत होती, नाक चोंदून श्वास घेता येत नव्हता, आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा होता. मला पुढे ऐकायची गरज नव्हती. पुस्तकात जसं लिहिलं आहे तसंच होतं सगळं.

पारबता थप्पीपाशी आली. बाया तिच्या मागे, पुरुष कडेला. रडत नव्हती. "भाऊ," म्हणाली, "सुई तं मी घेतली. त्याले बी टोचली म्हणता. मंग काऊन?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्याला टोचलेली नाही, एवढंच. मुकादम तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तूच कुठं बाहेर गेली असशील."

हे मी बोललो. कुणी बोलायला लावलं नाही. भीतीने जीभ चाचरली नाही. सुशिक्षित माणसाच्या ठाम आवाजात बोललो.

ती चिडली नाही. जणू मी खरंच काही विचारलं आहे आणि तिला उत्तर द्यायचं आहे, असं तिने नाल्याकडे हात करून म्हटलं, "कुठी जाऊ भाऊ? नाल्याले पूर होता."

कुणी हसलं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या शिक्षणाला, त्या पदवीला, डॉक्टरसाहेबांच्या सगळ्या विचाराला ते एक उत्तर पुरेसं होतं. बाहेरून रोग येऊ शकत नव्हता. तो आतच होता, धोतर नेसून उभा. प्रत्येकाला ते समजलं. आणि मुकादमाने काय केलं असेल? खुर्ची बाहेर आणली, सोग्याने पुसली, आणि माझ्यासमोर ठेवली. मी बसलो.

पुढच्या खेपेला बायांच्या बाजूने एकही जण आली नाही. का यावं? पारबताची झोपडी मोकळी होती. मुकादमाने तिला घालवून दिलं होतं, सडलेल्या कुशीची म्हणून. कुणी म्हणालं सिरोंच्याकडे गेली, कुणी म्हणालं नदीपार. मी शोधलं नाही. शोधणं माझ्या नोकरीत बसत होतं तरी शोधलं नाही.

डॉक्टरसाहेबांना पत्र मी त्याआधीच, दसऱ्याच्या खेपेनंतर लगेच, आलापल्लीच्या मुक्कामावरून धाडलं होतं. त्याची नक्कल कचेरीत गेली. त्या साहेबाला हवं होतं तेच त्यात होतं, आणि त्या डेपोचं काम बंद झालं. पुढचे डेपो, खाणींवरच्या वस्त्या — सगळं तिथेच संपलं. किती लेकरं असतील? मी मोजायला बसत नाही. मोजता येणार नाहीत, हाच तर माझा फायदा आहे.

डॉक्टरसाहेब एकदा ओसरीत बसून म्हणाले, "माझंच चुकलं असन तुळशीराम. कागदावर बरोबर होतं. मले मानसं समजली नाई." आपाने शेवयांची खीर दिली होती. वाटी माझ्या हातात होती. मी खीर संपवली. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, आणि तो विचार त्यांनी पुन्हा कुणापुढे मांडला नाही. आपली चूक झाली, असं समजूनच गेले.

मी मात्र वर चढत गेलो. अधिकारी झालो. आरोग्य सप्ताहात हार घालून घेतले, तरुण कर्मचाऱ्यांना सांगितलं की धोका असेल तिथे औषध आधी द्यावं, बाईला आणि पुरुषालाही. टाळ्या वाजल्या. मी खाली बसलो — दर वेळी खुर्चीवर.

डॉक्टरसाहेब गेल्यावर आपाने त्यांचे कागद मला दिले. तुझी पत्रं त्यांनी जपून ठेवली होती, म्हणाली. त्यात ते पत्रही होतं. मी ते जाळलं नाही. खाली जसंच्या तसं उतरवून देतो आहे.

आलापल्ली

तीर्थस्वरूप डॉक्टरसाहेब यांस,
तुळशीरामचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपल्या आशीर्वादाने मी खुशाल आहे. रस्ता सुरू होताच डेपोवर जाऊन आलो. पावसाआधी आपण ठरवून दिल्याप्रमाणे सर्व पुरुषांना सुया दिल्या होत्या. त्यात कुचराई झालेली नाही. किसन मुकादम यांनी स्वतः सुई घेऊन इतरांना उदाहरण घालून दिले. त्यांचे सहकार्य मोलाचे आहे.

एक वाईट वर्तमान कळवणे भाग आहे. पारबता नावाच्या बाईचे मूल जन्मानंतर दगावले. लक्षणे गरमीचीच होती. पुरुषमंडळींना औषध मिळालेले असल्याने दोष त्या बाजूने येणे शक्य नाही. बाई पावसाळ्यात बाहेर कुठे गेली असावी, असे डेपोवरील जाणत्या लोकांचे म्हणणे आहे व मलाही तसेच वाटते. अशा बायांच्या भरवशावर हे काम पुढे न्यावे किंवा कसे, याचा आपण विचार करावा.

आपांना नमस्कार सांगावा. त्यांच्या हातच्या जेवणाची आठवण येते. डोंगेवाल्याच्या पोराला आपण माणसांत आणले, हे ऋण मी जन्मभर विसरणार नाही. काम आपण शिकवले तसेच करतो. प्रत्येकाचे नाव त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय मी सुई टोचलेली नाही.

आपला,
तुळशीराम